टक् वाजेपर्यंत

६ जानेवारी

नव्या सुया आजपासून तीन वॉर्डांत सुरू झाल्या: पुरुषांचा, शस्त्रक्रियेचा आणि मुलांचा. पाच आठवडे वापरायच्या, मग खरेदी समिती ठरवणार, साऱ्या रुग्णालयासाठी घ्यायच्या की जुन्याच बऱ्या. उपकरणं माझ्या खात्याखाली येतात, म्हणून सुयांची जबाबदारी माझी. या काळात कुणा नर्सला सुई टोचली तर पहिली वर्दीही माझ्याच टेबलावर येणार. मेट्रनबाईंनी हे सगळ्यांसमोर जाहीर केलं तेव्हा मी मान हलवली. घाबरले होते, पण ते दिसण्याची सोय माझ्या चेहऱ्यात नाही.

शिकवायचं थोडंच आहे. रक्त घेऊन सुई बाहेर आली की तिच्यावरचं प्लास्टिकचं झाकण अंगठ्याने पुढे लोटायचं. झाकण सुईवर बसतं आणि टक् वाजतं. वाजलं म्हणजे आतला खटका अडकला, झाकण आता हलणार नाही. वाजलं नाही तर ते नुसतं टेकलेलं आहे, धक्का लागला की मागे सरकेल. दिसायला दोन्ही सारखीच. म्हणून प्रत्येक वॉर्डात एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हटलं: डोळ्यांवर नाही, कानांवर विश्वास ठेवा.

मुलांच्या वॉर्डात वहिनी आहे. दादाची बायको, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, आणि त्या वॉर्डातली सगळ्यात अनुभवी नर्स. कामावर मी तिला सिस्टर म्हणते, ती मला मॅडम. आज माझं शिकवून झाल्यावर तिने हात वर केला. चेहरा अगदी सरळ.

"मॅडम, झाकण न लावलेलं अजिबात चालणार नाही ना?"

"नाही."

"मग घरी साखरेच्या डब्याचं झाकण रोज कोण उघडं ठेवतं, ते सांगू का सगळ्यांना?"

सगळा वॉर्ड हसला. खाटेवरची मुलंसुद्धा. मी वेळेआधीच निघाले.

९ जानेवारी

मुलांच्या वॉर्डात वापरलेल्या सुयांचा डबा कुठे टांगायचा यावर वाद. नियमाने तो खाटेशी, हाताच्या अंतरावर हवा. पण इथे खाटेवर तीन वर्षांचं पोर असतं आणि पारदर्शक डबा त्याला खेळणं वाटतो. मी टेप घेऊन मोजलं आणि दाराजवळ, कुठल्याही मुलाचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर खिळा मारून घेतला.

वहिनी म्हणाली, "पोरांचा हात पोचणार नाही हे खरं. आमचाही चवड्यांवर उभं राहिल्याशिवाय पोचणार नाही."

म्हणून तोडगा निघाला: सुया झाकून आधी स्टीलच्या ट्रेमध्ये, फेरी संपली की ट्रे डब्यात रिकामा. झाकण अडकलेलं असेल तर ट्रेमध्ये धोका नाही. मी परवानगी दिली. तात्पुरती.

१२ जानेवारी

आवाजाची अडचण आहे. पुरुषांच्या वॉर्डात कुणाला त्याचं काही नाही, तिथे एकजण म्हणाला, आमच्या स्कूटरचं स्टँड असंच वाजतं. पण मुलं दचकतात. सुई बाहेर आलेली असते, रडणं ओसरत असतं, तेवढ्यात कानाशी टक्. पुन्हा भोंगा. एकाने हात असा झटकला की कापूस उडाला आणि रक्ताची रेघ चादरीवर.

तिथे दर आठवड्याला रक्त द्यायला येणारी सहा-सात वर्षांची मुलगी आहे. वहिनी तिला इन्स्पेक्टरीणबाई म्हणते, कारण ती प्रत्येक वस्तूची चौकशी करते. आज तिने मला हटकलं.

"हे काय वाजलं?"

"झाकण बसलं."

"मग हळू बसवता येत नाही? आमच्या घरी दार आपटलं की मार मिळतो."

मी तिला सांगितलं की हे दार नाही. तिला पटलं नाही. वहिनीने तिला उचलून कडेवर घेतलं आणि खिडकीशी नेलं. ही सवयीची बाब आहे. आठवड्याभरात मुलं सरावतील.

१६ जानेवारी

अंदाज बरोबर ठरला. मुलांच्या वॉर्डात आज सकाळची पूर्ण फेरी दाराबाहेरून ऐकली, एकही मूल दुसऱ्यांदा रडलं नाही. किती शांतता! शस्त्रक्रियेच्या वॉर्डातून एक वर्दी आली आहे (सुई अंगावरून ओरखडली, त्वचा फाटली नाही), पुरुषांच्या वॉर्डातून एक. मुलांच्या वॉर्डातून शून्य. मेट्रनबाई म्हणाल्या, "तुमच्या वहिनीने हाताखालच्या पोरींना चांगलं तयार केलंय हो." मला बरं वाटलं. हे इथे लिहायला हरकत नाही.

१९ जानेवारी

वहिनी उशिरा घरी आली. दाढ दुखत होती, बाहेरच्या दवाखान्यात दाखवून आले, म्हणाली. आई म्हणाली, "तुमच्याच रुग्णालयात दातांचा डॉक्टर बसतो ना, फुकट?" वहिनी म्हणाली, त्याचा हात जड आहे.

आल्या आल्या आंघोळीला गेली, बराच वेळ बाहेर आली नाही. ठमी (माझी भाची, साडेचार वर्षांची, घरातला सर्वोच्च अधिकारी) नेहमीप्रमाणे आपलं अर्धं खाल्लेलं बिस्किट घेऊन वहिनीच्या तोंडाशी गेली. हा त्यांचा रोजचा खेळ आहे: अर्धं ठमीचं, उष्टं अर्धं आईचं. आज वहिनीने तोंड बाजूला घेतलं. दाढ दुखते गं राणी. ठमीने ते बिस्किट मला दिलं, अपमान झाल्यासारखं. मी खाल्लं नाही, बशीत ठेवलं. त्यावरून दुसरा अपमान.

२२ जानेवारी

दादाची पाठ धरली आहे, तो हॉलमध्ये जमिनीवर झोपतो. लिफ्ट दुरुस्तीचं काम, दिवसभर वाकलेला असतो, त्यामुळे नवल नाही. नवल हे की तो विनोद करत नाही. एरवी माझ्या नावाने त्याची रोज एक तरी टोलेबाजी असते.

आज मी इस्त्री करताना येऊन उभा राहिला. म्हणाला, "इंजिनियर, तुझी ती सुई. झाकली की पूर्ण झाकली जाते?"

"टक् वाजलं तर पूर्ण."

"आणि नाही वाजलं तर?"

"तर ती झाकलेली नाही. मग चूक वापरणाऱ्याची. लिफ्टचं दार पूर्ण न लावता बटण दाबण्यासारखं आहे."

तो म्हणाला, "आमच्याकडे दार पूर्ण लागलं नाही तर लिफ्ट हलतच नाही." आणि गेला. मुद्दा बिनतोड आहे. सुईच्या बाबतीत तशी रचना शक्य आहे का, बघायला हवं. कंपनीला विचारीन.

२५ जानेवारी

वहिनी सकाळी ओकली. काल पण. आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. आई स्वयंपाकघरात जाऊन भांडी उगाचच घासायला लागली, तिला आनंद झाला की ती भांडी घासते.

मी म्हटलं, "खात्री झाल्याशिवाय बोलू नकोस."

"मी कुठे काय बोलले? चार वर्षांत कधी विषय काढला का मी?" हे खरं नाही, पण मी वाद घातला नाही.

दुपारी आईने माळ्यावरून ठमीचा पाळणा काढून पुसला. वहिनीने तो बघितला आणि म्हणाली, "आई, धूळ उडतेय, राहू द्या ना." आई म्हणाली, "उडू दे, उडू दे." वहिनी बाथरूममध्ये गेली. नळ सोडल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

तिने स्वतःसाठी वेगळं नखं कापायचं यंत्र आणलं आहे, कपाटात वरच्या खणात ठेवते. या दिवसांत बायकांना कशाचं काय सुचतं, असं आई म्हणते.

२९ जानेवारी

काहीतरी बरोबर नाही.

मुलांच्या वॉर्डातला भरलेला डबा बदलताना मी तो उजेडात धरला. डबा पारदर्शक आहे, बाहेरून आतलं दिसतं. पुरुषांच्या वॉर्डातल्या डब्यात सगळी झाकणं घट्ट. इथे बऱ्याच सुयांची झाकणं मागे सरकलेली. उघड्या सुया, टोकं चकाकत होती. म्हणजे डब्यात टाकताना त्या झाकलेल्या होत्या आणि पडताना उघडल्या. किंवा पडण्याआधी. ट्रेमध्ये.

त्या वॉर्डाचं शून्य मला आज पहिल्यांदा खटकलं. एवढ्या उघड्या सुया आणि एकीलाही टोचलं नाही? नशीब मी मोजमापात धरत नाही.

वहिनीला विचारलं, "सिस्टर, ट्रे रिकामा करताना कुणाला काही जाणवलं?"

ती पट्टी गुंडाळत होती. "काय जाणवणार मॅडम?" गुंडाळी हातातून सुटून पार खाटेखाली गेली.

२ फेब्रुवारी

मुलांच्या वॉर्डासाठी आलेल्या खोक्यातल्या पन्नास सुया टेबलावर तपासल्या. पन्नासही वाजल्या. नंतर झाकण ओढलं, ठोकलं, उंचावरून टाकलं. एकही उघडली नाही. कंपनीचा माणूसही येऊन गेला, टाय लावून, माझ्यापेक्षा जोरात टक् वाजवून दाखवत. सुई निर्दोष आहे. हे कळल्यावर हायसं वाटायला हवं होतं. झोप मात्र उडाली आहे. वस्तूत दोष नसेल तर दोष हातात आहे, आणि त्या वॉर्डातले हात वहिनीने तयार केलेत.

६ फेब्रुवारी

आज कळलं.

मुलांच्या वॉर्डात पडद्यामागे स्टूल टाकून बसले. बघण्यासाठी नाही, ऐकण्यासाठी. डोळे मिटले. एका मुलाचं रक्त घेतलं, रडणं, मग गोंजारणं, मग ट्रेमध्ये सुई ठेवल्याचा स्टीलचा आवाज. मधे काही नाही. दुसरं मूल. तसंच. तिसरं. मी डोळे उघडले आणि पडद्याच्या फटीतून बघितलं.

वहिनीने सुई बाहेर काढली, मुलाचं डोकं एका हाताने खांद्याशी धरलं, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा झाकणावर अगदी सावकाश, साय बाजूला सारावी तसा सरकवला. खटक्याच्या केसभर अलीकडे थांबली. झाकण सुईवर टेकलं. टक् वाजलं नाही. मूल दचकलं नाही.

सगळ्या जणी तसंच करतात. सगळ्यात धाकटी, मागच्या वर्षी लागलेली, अंगठा सरकवताना श्वाससुद्धा रोखते. मला ज्या शांततेचं कौतुक वाटलं होतं ती ही.

इन्स्पेक्टरीणबाई खाटेवर पाय हलवत बसली होती, तिने मला पडद्यामागे पाहिलं. "आता ते वाजत नाही," तिने मला अभिमानाने सांगितलं. "मी सांगितलं म्हणून."

७ फेब्रुवारी

घरी वहिनीशी बोलले. बोलले म्हणजे, मी बोलले. स्वयंपाकघरात, आई आणि ठमी खाली गेल्या असताना. आवाज चढवला नाही, मी चढवत नाही. दादा म्हणतो, त्यापेक्षा चढवलेला परवडतो.

मी म्हटलं, "खटक्याशिवाय झाकण म्हणजे उघडी सुई. उघडीपेक्षा वाईट, कारण उघडीला माणूस जपतो. हे तू स्वतः केलंस, आणि वर सगळ्यांना शिकवलंस?"

"पोरं घाबरत होती."

"आणि त्या धाकटीला टोचलं असतं तर? ती पोरगी कुठे गेली असती?"

वहिनीचा चेहरा असा झाला की मला वाटलं ती मला मारणार. मग ती बेसिनवर वाकली आणि ओकली. मी पाठीवर हात ठेवायला गेले तर म्हणाली, "हात नको लावू. लांब हो."

या अवस्थेतल्या बाईला मी असं बोलायला नको होतं. मुद्दा बरोबर होता, वेळ चुकली. उद्या माफी मागेन. तेवढं येतं मला.

८ फेब्रुवारी

माफी मागितली. ती म्हणाली, "तू बरोबर बोललीस, वन्सं." एरवी वन्सं म्हणते ती चिडवायला, आज तशी म्हणाली नाही. आणि पुढे: "उद्यापासून वाजवायच्या. मी सांगते पोरींना."

संध्याकाळी आईने शेवटी विषय काढलाच. वहिनी भाजी निवडत होती. म्हणाली, "आई, तसं काही नाही. मूल नाही. पित्त झालंय." आई हसत राहिली, मग हसू कुठे ठेवावं ते तिला कळेना. दादाने उठून पाळणा उचलला आणि परत माळ्यावर टाकला. एवढ्या जोरात टाकला की शेजारच्या काकूंनी दार उघडलं.

दादाला मूल नकोय का? मला या घरातलं काही कळत नाही असं आज पहिल्यांदा वाटलं.

११ फेब्रुवारी

खरेदी समिती परवा. मेट्रनबाईंनी आकडे मागितले. ओरखडे दोन, टोचणं शून्य. त्या खूश. "गेल्या वर्षी याच तीन वॉर्डांत पाच पोरींना टोचलं होतं. शून्य आहे म्हटल्यावर समिती तोंड उघडणार नाही. बाकीचं ते झाकणाचं, आवाजाचं, ते आपलं आपण बघू की. सगळं कशाला त्यांच्या कानावर घालायचं?"

मी म्हटलं, विचार करते. सुया आल्या नाहीत तर जुन्या राहतील आणि जुन्यांना झाकणच नाही. शून्य सांगितलं तर सुया येतील, आणि पोरींना मी नीट शिकवीन. हिशोब सरळ आहे. तरी जीव टांगणीला लागला आहे. का, ते सापडत नाही. शून्य मला कुणी तरी हातावर ठेवल्यासारखं वाटतं, मी मोजून काढल्यासारखं नाही.

१३ फेब्रुवारी

समितीच्या आधी कपडे बदलत होते. वहिनी खोलीत आली आणि दार लावून त्याला टेकून उभी राहिली. गणवेशात होती.

"शून्य सांगणार आहेस?"

"वर्द्या तेवढ्याच आल्यात."

"शून्य खोटं आहे."

"मग किती?"

"एक. म्हणजे, मला माहीत असलेला एक." मग तिने उजवा हात पुढे केला, जणू अजून काही दिसणार होतं. मधलं बोट. काही दिसत नव्हतं. "मी. ट्रे रिकामा करताना."

आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो हा: "टक् वाजलं होतं?"

वहिनी हसली. आनंदाचं नाही. "बघ. म्हणून तुझ्या टेबलावर आले नाही."

मग सगळं सांगितलं, उभ्यानेच. एकोणीस तारखेची सकाळ. हातमोज्यातून आरपार. ट्रेमध्ये सहा मुलांच्या सुया होत्या, कुणाची लागली कळायला मार्ग नाही. वॉर्डात एका मुलीला जन्मापासून एचआयव्ही आहे, हे फक्त तिथल्या नर्सेसना आणि डॉक्टरांना ठाऊक आहे. ती त्या सकाळी होती. "वर्दी दिली असती तर सहाही जणांच्या आईबापांना बोलावलं असतं. पुन्हा रक्त, पुन्हा सह्या. बाहेरच्या बाकड्यावर कुजबूज. दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं असतं कोण ती. मग त्या पोरीच्या शेजारच्या खाटेवर कुणी आपलं मूल निजवलं असतं का?"

म्हणून बाहेरचा दवाखाना. दाढ नव्हतीच. त्याच दुपारी गोळ्या सुरू केल्या, महिनाभर घ्यायच्या, त्यांनीच ओकारी येते. शेवटच्या थोड्या उरल्यात. दादाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. दादाची पाठ दुखत नाही.

मी म्हटलं, "उष्ट्याने काही होत नाही. तुला माहीत आहे. बिस्किटाने, कपाने, कशानेच नाही."

"मी नर्स आहे ते मला माहीत आहे. आई आहे ते कुठे कळतंय मला." ती पहिल्यांदा रडली. मी जवळ गेले. मला अशा वेळी हात कुठे ठेवायचे ते नीट येत नाही. तिनेच ते ठेवून घेतले.

समितीत मी म्हटलं, टोचणं एक. मेट्रनबाईंनी पेन खाली ठेवलं.

अधीक्षकांनी विचारलं, "नाव?" मी सांगितलं.

"म्हणजे तुमच्याच घरची?"

"हो."

"आणि ट्रे वापरायची परवानगी कुणी दिली?"

"मी. डबा त्या उंचीवर मीच लावला. हात पोहोचला नाही म्हणून ट्रे आला, आणि ट्रेमुळे टोचलं." मग आवाजाचं सांगितलं. एकजण हसले. मी ते हसणं संपेपर्यंत थांबले. सहा मुलांच्या फायली उघडायच्या का, यावर बोलणं झालं. बाहेरच्या डॉक्टरने सगळ्यात वाईट तेच धरून पूर्ण औषध दिलंय, आता फायली उघडून उपचार बदलणार नाही, एवढं मी म्हटलं. अधीक्षकांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि विषय सोडला.

खरेदी पुढे ढकलली. चाचणी आणखी दोन महिने, वर्दी माझ्याकडे न येता कर्मचाऱ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे. वहिनीला लेखी ताकीद, मलाही. मेट्रनबाई जिन्यात म्हणाल्या, "तुम्हाला खरं बोलायला आजचाच मुहूर्त सापडला?"

२० फेब्रुवारी

वहिनीच्या गोळ्या संपल्या. आईला आम्ही तिघांनी मिळून सांगितलं. भांडी घासायला गेली नाही, हे मी नोंदवते. ती वहिनीच्या शेजारी जाऊन बसली आणि तिचं ते बोट हातात धरून बसून राहिली.

डबे खाली आणले. आता प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी, कुलूपवाल्या चौकटीत, सुई टाकण्यापुरती फट. मुलाचा हात आत जात नाही: माझा टेबलावरचा अंदाज नाही, ठमीला आणून तिच्या हाताने खात्री केली. ट्रे बंद.

आवाज मात्र तसाच आहे. पोरी वाजवतात, मुलं दचकतात, आणि धाकटीचा अंगठा अजून चुकून हळू होतो. चार आठवड्यांची सवय सूचनेने जात नाही.

२ मार्च

पहिली तपासणी स्वच्छ. पण तीन महिन्यांची झाल्याशिवाय खरं नाही. वहिनी म्हणाली, "आनंद अर्धाच करू." दादाने अर्धा कप चहा केला सगळ्यांना. एवढ्या दिवसांनी विनोद, आणि तोही पाणचट.

९ मार्च

दचकण्यावर विचार करत होते. मूल आवाजाला घाबरत नाही, न सांगता आलेल्या आवाजाला घाबरतं. ठमी मिक्सरला घाबरायची, स्वतः बटण दाबायला दिल्यापासून घाबरत नाही.

वॉर्डात न वापरलेल्या सुयांची झाकणं नेली, सुई काढून टाकलेली, नुसता खटका. वहिनीने ती इन्स्पेक्टरीणबाईंच्या हातात दिली. "हे वाजलं की संपलं. वाजेपर्यंत रडायचं, वाजलं की बंद. कबूल?"

तिने वाजवून बघितलं. पुन्हा. मग खूप वेळा. शेवटी मेट्रनबाईंनी दारातून विचारलं, इथे काय चाललंय.

तिचं रक्त घेतलं. ती रडत होती, पण कान टवकारून. सुई बाहेर. धाकटीचा अंगठा जुन्या सवयीने मऊ सरकला.

"वाजलं नाही," इन्स्पेक्टरीणबाई म्हणाल्या. रडणं चालूच. "अजून वाजलं नाही!"

धाकटी ओशाळली. टक्.

"हां," ती म्हणाली, आणि डोळे पुसले.

३० मार्च

मुलांच्या वॉर्डातला डबा उजेडात धरला. सगळी झाकणं बंद. पोरींच्या अंगठ्यांवर आता सहा खाटांवरून पहारा असतो. तरी काल धाकटीला टोचलं, सुई उघडताना, म्हणजे वापरण्याआधी, स्वच्छ. ती तडक डॉक्टरीणबाईंकडे गेली. तिला पहिला प्रश्न काय विचारला, ते मी मुद्दाम विचारून घेतलं. "घाबरलीस का गं?" असं विचारलं म्हणे.

२० एप्रिल

तीन महिन्यांची तपासणी. मी वहिनीबरोबर गेले. दादाला तिने कामावर पाठवलं, "तो तिथे लिफ्टसारखा खालीवर करत बसेल." रक्त घ्यायला तिने धाकटीलाच बोलावलं.

धाकटीला शीर बरोबर सापडली. सुई बाहेर आली. वहिनीच्या तोंडाकडे बघत तिने झाकण सरकवलं, हळूच, आवाज न करता. वहिनीला त्रास नको म्हणून.

वहिनीने दंडावर कापूस दाबून धरला होता. डोळे मिटलेले.

"वाजव," ती म्हणाली.

टक्.

निकाल परवा. वाटेत एका दुकानात तिने बिस्किटांचा पुडा घेतला आणि पिशवीत खाली, बटाट्यांखाली ठेवला.

२२ एप्रिल

निकाल आला. पाकीट वहिनीने एकटीने उघडलं, गॅलरीत, दार लावून. दादा दाराच्या अलीकडे उभा होता, हात कडीवर, पण कडी उघडली नाही.

मी आजवर या वहीत सगळे आकडे लिहिले. हा लिहीत नाही. वहिनी आत आली, खाली बसली, पिशवीतला पुडा काढून फोडला आणि ठमीला एक बिस्किट दिलं. ठमीने अर्धं खाल्लं. उरलेलं हातात धरून ती आईकडे संशयाने बघत राहिली; तीन महिन्यांचा अपमान होता.

वहिनीने तोंड उघडलं.